गुलाबाच्या काड्या : पुनर्विकासाआधीच्या नोंदी

५ जुलै २०२५

सोसायटीची बैठक झाली. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, हे आता नक्की. आंबा आणि नारळांचं रीतसर काहीतरी होईल. शहरातली झाडं जपण्यासाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. पाण्याच्या टाकीशेजारच्या गुलाबाला मात्र कोण विचारतो? पहिला जेसीबी आत येईल तो त्याच्यावरूनच.

म्हणून हे काम हाती घेतलं: या झुडपाची रोपं करायची आणि ज्याला हवीत त्याला द्यायची.

झुडूप तळमजल्यावरच्या आजींनी लावलेलं. इमारतीइतकंच जुनं. फूल गुलाबी, पाकळ्या सैल, वास असा की जिन्यात कळतो. दुसऱ्या दिवशी दुपारी हात लावला की पाकळ्या गळतात, त्यामुळे फुलदाणीच्या काही कामाचा नाही. सगळे त्याला गावठी गुलाब म्हणतात. पाकळ्यांची ठेवण, वास आणि वर्षभर थोडी थोडी फुलं येण्याची रीत पाहता हा ‘एडवर्ड’ असावा असा माझा अंदाज. तसं असेल तर तो गावठी अजिबात नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बूर्बोंवर, शेतांच्या कुंपणाला चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी असत. त्यांच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे घराणं निघालं असं मानतात. भारतात येऊन तो इतका रुळला की उत्तरेत गुलकंदालाही तोच आणि दुसऱ्या गुलाबांचे डोळे भरायला (म्हणजे त्यांचा डोळा सालीत बसवून कलम करायला) खालचा मुळांचा आधार, खुंट, म्हणूनही तोच.

सोबत तुलनेला माझ्या गॅलरीतले तिघे घेते आहे: ग्लॅडिएटर (१९५५ सालचं अमेरिकन वाण, हारवाल्यांचा जुना लाडका), नर्सरीतून आणलेला एक बिननावाचा पिवळा आणि बटण गुलाब.

९ जुलै

माध्यमाची तयारी. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट भिजवली, फुगल्यावर जुन्या ओढणीतून पिळून काढली आणि पुन्हा साध्या पाण्यात घातली. स्वस्तातल्या विटेत मीठ राहिलेलं असतं आणि नवं मूळ ते सोसत नाही. पहिलं पाणी चहासारखं तांबडं निघालं. निवळ होईपर्यंत धुतलं. त्यात निम्म्याच्या थोडं कमी पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे खनिज दाणे. पर्लाइट नसेल तर नदीची जाड वाळू चालते, पण ती धुऊन. बांधकामावरची क्रश सँड नको, तिची भुकटी बसून चिखल होतो.

शेणखत, गांडूळखत यातलं काहीही या टप्प्यावर नाही. मुळं नसलेल्या काडीला खत खाता येत नाही; खाते ती बुरशी. रोगाच्या बुरशीला रोखायला थोडा ट्रायकोडर्मा मिसळला आहे. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी, तेव्हा सोबत काड्या बुरशीनाशकात बुडवायच्या नाहीत. दोन्हीपैकी एक काहीतरी.

भांडी म्हणून पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास. तळाला तापलेल्या सळीने भोकं, बाहेरून वर्तमानपत्राची गुंडाळी. कागद सोडवला की मुळं दिसतात आणि काडी उपटून बघायची खाज भागते. एरवी मुळांना अंधारच बरा.

१३ जुलै

काड्या कापल्या. पहाटेपासून भुरभुर पाऊस, ऊन नाही, म्हणजे हवा तसा दिवस.

सगळी करामत काडी निवडण्यात आहे. अगदी कोवळी लालसर फांदी कुजते आणि जुनी खाकी फांदी ढिम्म बसून राहते. हवी असते मधली: नुकतंच जिच्यावरचं फूल गळलंय, पेन्सिलीएवढी जाड, हिरवी पण वाकवली तर लगेच न मोडणारी. शंका असेल तर काट्याला विचारावं. अंगठ्याने बाजूला ढकलला की काटा कट्कन सुटला आणि खाली स्वच्छ हिरवा ठसा राहिला, तर फांदी तयार. काटा लवला आणि सालीची चिंधी घेऊन आला, तर अजून कोवळी.

कात्री स्पिरिटने पुसून प्रत्येक काडी वीतभर, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, सरळ. तिरका-सरळ करण्याचा एक साधा फायदा म्हणजे काडी उलटी लागत नाही. झाडातलं मुळं फुटवणारं संप्रेरक, ऑक्सिन, शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि खालच्या कापाशी साठतं. काडी उलटी खोचली तरी तिच्या लेखी बूड ते बूडच, फक्त ते आता हवेत.

पानं किती ठेवायची यावर दोन तट आहेत. सगळी काढली तर बाष्पीभवन थांबतं, पण अन्न करणारं कुणी उरत नाही. मी वरची दोन पानं ठेवली आणि त्यांच्या शेंड्याकडच्या पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, छाटल्या. पावसाळी हवेत एवढं झेपतं. एप्रिलमध्ये हेच केलं तर काडी सुकेल.

बुडाशी एका बाजूची साल बोटाच्या पेराएवढी खरवडली. मग मुळं फुटायची पावडर, म्हणजे आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड). तिच्यात कोवळ्या, मध्यम आणि कठीण लाकडासाठी वेगवेगळी तीव्रता मिळते, मी मध्यम घेतली. काडी पावडरीत बुडवून टिचकी मारून झटकायची, कारण जास्त झाली तर कापाची जागा जळते. आधी पेन्सिलीने भोक, मग काडी. थेट खोचली तर पावडर वरच पुसली जाते.

गावठीचे तीन गट केले: पावडर, कोरफडीचा गर आणि काहीच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर बटाट्यात काडी खोचायचा व्हिडिओ फिरतो आहे. तो गट नाही. गुलाबाला हवा असतो ओलावा, तो कोकोपीट देतं. बटाटा फुकटात कुजतो. आणि एका काकांनी वाढदिवसाच्या गुच्छातले गुलाब आणून दिले, “यांचंही बघ.” घेतले, पण ते डच गुलाब शीतगृहातून फिरून आलेले, कापून किती दिवस झाले देव जाणे. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये ही वाणं मुळात स्वतःच्या मुळांवर नसतातच. नेटल ब्रायर नावाच्या खुंटावर डोळा भरून वाढवतात. काकांचं मन मोडायला नको म्हणून एका ग्लासात लावले.

संध्याकाळी आजी काठी टेकत खाली आल्या. ग्लासांची रांग बघून म्हणाल्या, “अगं, एवढा दवाखाना कशाला मांडलास? आमच्याकडे नुसती फांदी वाकवायचे आणि वर वीट ठेवायचे.”

हे दाब कलम. आजींचं म्हणणं लगेच मानलं. टाकीच्या बाजूची एक लांब फांदी जमिनीकडे झुकलेलीच होती. मातीला टेकते तिथे डोळ्याखाली तिरकी चीर दिली, चीर मिटू नये म्हणून काडेपेटीतली काडी अडकवली, चार बोटं माती ओढली आणि वर वीट. शेंडा उभा राहावा म्हणून बांबूला बांधला. वीट कुठली हवी ते आजींनी सांगितलं: पक्की, भाजलेली. कच्ची पावसात विरघळते.

२० जुलै

ग्लास पूर्वेच्या गॅलरीत, थेट ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात. प्रत्येक ग्लासावर पारदर्शक पिशवी, काड्यांना टेकू नये म्हणून आत आइस्क्रीमच्या काड्यांचा तंबू. सकाळी पिशव्या काढून हवा खेळू द्यायची, आतलं पाणी झटकायचं, पुन्हा घालायच्या. पाणी घालायची गरजच पडत नाही. घालायचा मोह होतो तो वेगळा.

राखलेली पानं काही काड्यांवर पिवळी पडून गळताहेत. गळालेलं पान लगेच उचलायचं. ओल्या पिशवीत एक कुजकं पान म्हणजे बुरशीला आमंत्रण.

२७ जुलै

डोळे फुटले. तांबूस कोंभ, टोकाला दुमडलेली चिमुकली पानं. गावठीवर सगळीकडे, बटणावर सगळीकडे, ग्लॅडिएटरवर बऱ्याच ठिकाणी. काकांच्या गुच्छातलाही एक फुटलाय! काका खूश, ग्रुपवर फोटो, अभिनंदनाचे अंगठे.

मी गप्प. कोंभ फुटणं म्हणजे मूळ फुटणं नव्हे. काडीत साठवलेलं अन्न असतं, त्यावर डोळा फुटतो. जमिनीखाली तोवर काहीही झालेलं नसतं. बहुतेक लोक इथेच फसतात: कोंभ दिसला की काडी कुंडीत हलवतात, उन्हात ठेवतात, खत घालतात, आणि पंधरवड्यात सगळं काळं. मग “माझा हात चांगला नाही” म्हणून मोकळे होतात. हाताचा काही संबंध नाही.

एका बटण गुलाबाला तर कळी धरली. चिमटीने काढून टाकली.

पिवळा वरून काळा पडत खाली येतो आहे. शेंडेमर.

३ ऑगस्ट

पहिली तपासणी. कागद सोडवून ग्लास उजेडात धरले.

गावठीच्या कापाभोवती पांढरट, खडबडीत दाणे, भिजवलेला साबुदाणा चिकटवावा तसे. हा कॅलस: जखम बुजवायला झाडाने केलेली नवी पेशींची गादी. मुळं साधारण याच जागेतून निघतात, पण कॅलस आलं म्हणजे मूळ आलंच असं नाही. काही काड्या नुसतं कॅलस वाढवत राहतात आणि एक दिवस थकतात. ग्लॅडिएटरमध्ये तसं होईल असं वाटतंय. गाठ मोठी आहे, पुढे काही नाही.

काकांचा गुच्छ गेला. कोंभ वर हिरवा, आणि ग्लासातून बघितलं तर बूड काळं, मऊ. वास आला तेव्हाच ग्लास बाहेर काढला, माध्यमासकट फेकला. ते माध्यम पुन्हा वापरायचं नाही.

पिवळा पूर्ण गेला. आश्चर्य नाही. पिवळे हायब्रीड टी (मोठ्या फुलांचे संकरित) गुलाब काडीवरून धरायला हट्टी, हे जुने गुलाबवाले सांगतच आले आहेत. पण कुंडीतल्या मूळ पिवळ्याकडे लक्ष गेलं आणि वेगळीच गोष्ट सापडली. डोळा भरल्याची गाठ मातीच्या जरा वर दिसते, आणि त्या गाठीच्या खालून एक फांदी सरसर वर गेली आहे. पान बारीक, रंग फिकट, पर्णिका जास्त. हा खुंटाचा फुटवा. वरचा पिवळा कमजोर, खालचा जोमात. राहू दिला असता तर वर्षभरात कुंडी त्याचीच. “नर्सरीतून कलमी आणला होता हो, पण जंगली झाला” असं लोक म्हणतात ते हेच. गुलाब जंगली होत नाही. वरचा मरतो, खालचा उरतो. फुटवा माती उकरून मुळापासून ओढून काढला. नुसता वरून कापला तर दुप्पट जोराने येतो.

काडीवरून केलेल्या रोपाला ही भानगडच नाही. त्याच्या बुडातून जे येईल ते त्याचंच.

१९ ऑगस्ट

पाऊस थांबायला तयार नाही. गॅलरीतही सगळं दमट, पिशव्या दिवसभर उघड्या ठेवल्या तरी चालतंय.

मुळं! गावठीच्या ग्लासात कडेला पांढरी, दोऱ्याएवढी मुळं, एक तर तळाच्या भोकापर्यंत पोचलेलं. बटणातही. ग्लॅडिएटरमध्ये मोजक्याच ग्लासांत.

तीन गटांचा निकाल: पावडरवाल्यांना मुळं लवकर आणि संख्येने जास्त, झुबक्यासारखी. कोरफडवाले आणि काहीच न लावलेले यांच्यात मला फरक दिसत नाही. धरले मात्र दोन्ही. म्हणजे या झुडपाला खरं तर कशाचीच गरज नव्हती; पावडरीचा फायदा ग्लॅडिएटरसारख्या आळशांना जास्त.

विचार केला तर यात नवल नाही. गावठी गुलाब या वाड्यातून त्या अंगणात गेला तो फांदीवरूनच. जी झुडपं काडीवरून धरत नव्हती ती शेजारणीपर्यंत पोचलीच नाहीत. कितीतरी पिढ्यांनी नकळत केलेली निवड आहे ही. आजकालच्या वाणांची निवड होते फुलाचा आकार, दांड्याची लांबी, फुलदाणीत किती टिकतो यावर. मुळांचं काम खुंटाकडे सोपवलेलं असतं, मग वाणाला स्वतःची मुळं धड येतात की नाही हे कोण बघतं?

२६ ऑगस्ट

हरतालिका. उद्या गणपती. गावठीच्या आईझाडावर या पावसात फुलं फार नाहीत, तीही भिजून तपकिरी. आजींनी तरी परडी भरली.

पिशव्यांचे कोपरे कापले. दर दोन दिवसांनी भोक जरा मोठं करायचं. एकदम काढली तर पानं माना टाकतात; आतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांना बाहेरच्या वाऱ्याची सवय नसते.

७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज सवड. गावठी आणि बटण सहा इंची काळ्या पिशव्यांत हलवले. पोयटा माती, चाळलेलं जुनं शेणखत, वाळू, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटचा गोळा न फोडता, मुळांना हात न लावता. नवी गुलाबाची मुळं काचेसारखी मोडतात.

पाणी घालून आठवडाभर पुन्हा सावली. मग सकाळचं ऊन तासभर, पुढे वाढवत न्यायचं.

ग्लॅडिएटरला अजून हात लावत नाही.

५ ऑक्टोबर

विजयादशमी झाली आणि उन्हाचा चटका सुरू झाला. कोवळ्या पानांखाली लाल कोळी. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं तर ठिपके चालायला लागतात. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, रोज सकाळी. कोळ्याला कोरडं आणि उष्ण आवडतं. निम्मं काम पाण्यानेच होतं.

आजींची वीट उचलली. खाली मुळांचं जाळं, ग्लासातल्या कुठल्याही रोपापेक्षा दाट. साहजिकच आहे, ही फांदी एक दिवसही उपाशी नव्हती, आईझाडाकडून पाणी आणि वरच्या पानांकडून अन्न येतच होतं. दोर कापला. म्हणजे आईकडची बाजू एकदम न कापता आज अर्धी, पुढच्या आठवड्यात उरलेली. या एका रोपाला पावडर, पिशव्या, तंबू काही लागलं नाही. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

दाब कलमाची अडचण एवढीच की एका फांदीचं एक रोप. आणि जमीन लागते.

९ नोव्हेंबर

निम्मी घरं रिकामी. टेम्पो, खोके, जुन्या गाद्या. आजी मुलाबरोबर भाड्याच्या घरात गेल्या, तिथली गॅलरी पश्चिमेची. दाब कलमाचं रोप त्यांना दिलं, सोबत काडीवरचं एक. पश्चिमेचं ऊन दुपारी भाजतं म्हणून हिरवी जाळी बांधून आले.

आईझाड खणून नेता येईल का हे बघितलं. मुळं टाकीच्या पायाखाली गेलेली, गोळा निघणं शक्य नाही. गुडघ्याखाली छाटलं. त्या छाटणीच्या काड्या पुन्हा लावल्या आहेत. थंडीत त्यांना वेळ लागेल, पण जुलैसारखी बुरशीची धास्ती नाही. पिशव्यांऐवजी यावेळी सगळे ग्लास एका पारदर्शक खोक्यात, झाकण किंचित उघडं. छाटलेल्या बुंध्याला जगवायची संधी सोसायटीच्या माळीदादांना दिली आहे: “जेसीबी यायच्या आधी फावडं मारून बघतो,” म्हणाले.

७ डिसेंबर

नव्या भाड्याच्या घरी सामान लागलं. इथे गच्ची वापरायला मिळते हे मोठंच.

ग्लॅडिएटरची जी थोडी रोपं उरली ती हळू चालली आहेत. पान गडद, निरोगी, पण नवा फुटवा नाही. स्वतःच्या मुळांवर हे वाण पहिलं वर्ष बहुधा असंच काढणार. खत वाढवून घाई करण्यात अर्थ नाही. बटण गुलाब मात्र फुलांनी भरला आहे, त्याला कुणी थांबवू नये.

गावठीच्या रोपांवर सकाळी भुरी दिसली, एका पानावर पीठ सांडल्यासारखी. पान काढलं, रोपं एकमेकांपासून लांब केली, संध्याकाळचं पाणी बंद.

२५ जानेवारी २०२६

गावठीला कळ्या. पहिल्या सगळ्या खुडल्या होत्या, खोड जरा जाड होऊ दे म्हणून. यावेळी प्रत्येक रोपावर एकेक ठेवली. रंग तोच. वास थंडीत जरा उशिरा सुटतो, नऊनंतर ऊन लागलं की.

आजींचा फोन आला. त्यांच्या रोपाला दोन फुलं, एक गणपतीला आणि एक खाली राहणाऱ्या बाईंना. त्या बाईंना आता काडी हवी आहे. “जूनपर्यंत थांबायला सांग,” मी म्हणाले, “रोप अजून लहान आहे.” त्यावर आजी, “सांगितलं. वीट पण दिली.”

माळीदादांचा बुंधा जगला नाही. नोव्हेंबरच्या काड्यांना कॅलस आहे, मुळं अजून नाहीत. खोकं उन्हाच्या बाजूला सरकवलं.

वाटपाची यादी: ए विंगमधल्या काकांना एक (गुच्छाच्या बदल्यात), माळीदादांना एक, शाळेच्या बागेसाठी दोन. उरलेली दहा इंची कुंडीत हलवायची, फेब्रुवारी संपायच्या आत, कारण मार्चच्या उन्हात मुळं हलवलेली चालत नाहीत. फुलकिडे कळ्यांत शिरायला लागतील, निळे चिकट सापळे आणायचे. निंबोळी पेंड संपली आहे.